मागे घेताना

मंडळी, ट्रॅक्टर पुढे चालवायला तरणा गडी आठ दिवसांत शिकतो. त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून मागे घ्यायला सांगा, म्हणजे आठ वर्षे चालवणारासुद्धा डोके खाजवू लागतो. परवाना काढताना साहेबांनी आठ आकडा काढून घेतलेला असतो. पण खळ्यावरच्या गोठ्यात कडब्याची ट्रॉली उलटी कशी घालायची, हे त्या परीक्षेत कोणी विचारत नाही. मग जो तो आपल्या अकलेने शिकतो, आणि शिकता शिकता कुंपणाचा खांब, शेजाऱ्याची मोरी, नाहीतर ट्रॉलीचा दांडा वाकवून बसतो. वर म्हणतो की जागाच अरुंद होती. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण केली तेव्हा ट्रॅक्टर नव्हते, पण ती लागू मात्र अगदी बरोबर पडते.

आपल्या जुन्नर-आंबेगावात हा विषय घरोघरचा आहे. भीमाशंकरच्या डोंगराकडून खाली घोड नदीच्या खोऱ्यात उतरत यावे, तसतशी गाड्यांची जात बदलते. वर आदिवासी वाड्यांत उताराच्या अंगणात एखादीच जीप किंवा पिकअप. घोडेगाव-मंचरकडे आले की सातगाव पठारावरच्या बटाट्याच्या गाड्या. पलीकडे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांनी शिगोशीग भरलेल्या पिकअप. आणि कारखाने सुरू झाले की भीमाशंकर आणि विघ्नहर या दोन्ही साखर कारखान्यांच्या वाटेवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. या सगळ्यांना पुढे जायला रस्ता आहे. पण शेताच्या बांधावर, बाजाराच्या फळीला, वाड्याच्या बोळात आणि घराच्या अंगणात प्रत्येकाला कधी ना कधी मागे यावेच लागते. आणि आपल्याला मागचे दिसत नाही, सगळी मेख तिथेच आहे.

आधी गाडी वळते कशी ते समजून घेऊ. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. दोन चाकांची बैलगाडी गोठ्याकडे मागे रेटायची आहे आणि तिचा साटा डावीकडे न्यायचा आहे, तर म्हातारा काय करतो? जू उजवीकडे सारतो. पुढचे टोक उजवीकडे गेले की गाडी चाकांवर फिरते आणि मागचे टोक आपोआप डावीकडे येते. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच. ट्रॉलीचे शेपूट डावीकडे हवे असेल तर हुक उजवीकडे गेला पाहिजे, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे फिरले पाहिजे. नवशिक्याला हेच उलटे वाटते आणि तो घोटाळ्यात पडतो.

यावर जुन्या चालकांची एक युक्ती आहे. स्टिअरिंगचा वरचा भाग धरू नका, खालचा धरा, घड्याळात सहाचा काटा असतो तिथे. आता ट्रॉलीचे शेपूट ज्या बाजूला न्यायचे त्या बाजूला हात न्या. डावीकडे हवी, हात डावीकडे. उजवीकडे हवी, हात उजवीकडे. डोक्याने उलटा हिशोब करत बसायला नको. रिकाम्या खळ्यावर दोन विटा ठेवून, रिकामी ट्रॉली जोडून, एक सकाळ हाच सराव करावा. गरका मोठा देऊ नये. हात चार बोटे हलवावा, ट्रॉली काय करते ते बघावे, मग पुन्हा चार बोटे. ट्रॉली वळायला लागली रे लागली की स्टिअरिंग परत सरळ आणून तिच्या मागे मागे ट्रॅक्टर न्यावा. तसे केले नाही तर ती वळतच जाते, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा काटकोन होतो, मागच्या मोठ्या टायरला ट्रॉलीचा कोपरा घासतो आणि दांड्यातून आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे उशीर झालेला असतो.

तेवढा काटकोन व्हायच्या आत एकच उपाय: थांबा, पुढे जा. दहा पावले पुढे गेलात की ट्रॉली आपसूक सरळ होते. पुढे जाण्यात कसला कमीपणा? आपल्याकडे मात्र बघे जमलेले असतात, कोणीतरी म्हणतो, "काय दादा, दुसऱ्यांदा?" आणि दादांना चढतो राग. त्या रागापोटी वाकलेले दांडे मी पुष्कळ पाहिले आहेत.

लांबीचेही एक गणित आहे. लांब ट्रॉली सावकाश वळते, विचार करायला वेळ देते. आखूड ट्रॉली क्षणात अंगावर येते. सगळ्यांत खट्याळ म्हणजे स्लॅबचे मिक्सर. पिकअपच्या मागे ते जोडून आणतात. दोन चाके, हातभर दांडा, आणि पिकअपच्या फाळक्यामागे दडलेले. सरळ मागे येताना ते कोणत्याच आरशात दिसत नाही. आरशात दिसते तेव्हा ते पुरते वळून चुकलेले असते. डिंभ्याच्या काठी किंवा माणिकडोह, येडगावच्या पाण्यावर बोट गाड्यावर घालून उतरवायची, तर तिथेही हाच पेच. रिकामा गाडा इतका बुटका की दिसत नाही, आणि बोट चढवली की तिच्याशिवाय काही दिसत नाही. त्यावर सोपा तोडगा आहे. मिक्सरच्या किंवा गाड्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना छातीइतक्या उंच काठ्या उभ्या बांधा आणि टोकाला लाल चिंधी लावा. आता गाडा नाही दिसला तरी चिंध्या दिसतात. डावी चिंधी जास्त दिसू लागली की गाडा डावीकडे चालला. पिकअप रिकामी असेल तर फाळका खाली पाडून ठेवा, मागच्या काचेतून तेवढी वाट जास्त दिसते. मात्र वळताना फाळका मिक्सरला अडत नाही ना, ते आधी बघा.

जलाशयाचा काठ हे आणखी वेगळे प्रकरण. डिंभ्याच्या त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन प्राण देणारा हा तरुण आपल्याच म्हाळुंगे पडवळचा. जुने आंबेगाव ज्या पाण्याखाली गेले तेच हे पाणी. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि वर वाळलेली, खाली मऊ असलेली गाळाची पट्टी उघडी पडते. वरून घट्ट दिसते म्हणून चाक घातले की रुतलेच. म्हणून आधी पायी चालत जा, टाच रोवून बघा. गाडी उतारावर मागे घेताना खालच्या गिअरमध्येच ठेवा, क्लच दाबून सोडू नका. ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकांना जोडणारी पट्टी लावलेली हवी. नांगरणीत ती काढलेली असते आणि रस्त्यावर येताना लावायची राहून जाते. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो. आणि गाडी थांबली की चाकाच्या उताराकडच्या बाजूला मोठा दगड, मगच बोटीचे दोर सोडायचे.

चार चाकी ट्रॉलीकडे आता वळू. तिची पुढची दोन चाके दांड्याबरोबर फिरतात. म्हणजे सांधे दोन झाले: एक हुकापाशी, दुसरा त्या फिरत्या चाकांच्या तबकडीपाशी. दोन चाकी ट्रॉलीत सगळे उलटे होते. इथे उलट्याचे पुन्हा उलटे होते, म्हणजे शेवटी सुलट! स्टिअरिंग डावीकडे दिले की शेपूट अखेरीस डावीकडेच येते, पण मधला दांडा मात्र उजवीकडे ढकलतो आणि जरा जास्त झाले की तो आडवा होऊन बसतो. सरळ रेषेत पंधरा-वीस पावले मागे येणे एवढेच साधले तरी पुष्कळ. चार चाकी ट्रॉलीला मागे घेऊन कोपऱ्यातून वळवणारे चालक आहेत, मी त्यांना मानतो; पण ज्याला ते येत नाही त्याने लाजू नये.

आणि दोन ट्रॉल्या? मागे घेऊच नका. चार सांधे झाले. ते सांभाळणे माणसाच्या हातचे काम नाही. उसाच्या फडात शिरतानाच फिरून बाहेर पडायची वाट आहे की नाही ते पाहावे. नसेल तर मागची ट्रॉली रस्त्याकडेला सपाटीवर सोडून एकेक आत न्यावी. टोळीचा मुकादम घाई करील, कारखान्यावर नंबर लागायचा आहे म्हणेल. त्याचे खरेही असते. पण भरलेली जोडी बांधावरून कलंडली तर ऊस पुन्हा मोळी मोळी करून भरावा लागतो, आणि त्या वेळी ट्रॉलीशेजारी कोण उभे असेल ते सांगता येत नाही. ऊसतोडीच्या टोळीत लहान मुले असतात, पाचटावर झोळी टाकून निजवलेलीही असतात.

ट्रॉली सोडताना-जोडतानाही माणसे दगावतात. ट्रॅक्टर मागे येत असतो आणि एक जण दांडा उचलून, हातात पिन घेऊन मधोमध उभा असतो. चालकाचा पाय क्लचवरून सटकला की संपले. दांडा आधी ठोकळ्यावर किंवा जॅकवर हुकाच्या उंचीला ठेवावा, मदतनिसाने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे, ट्रॅक्टर पूर्ण थांबून न्यूट्रलमध्ये आला, ब्रेक लागला, मगच आत जाऊन पिन घालावी. यात किती वेळ जातो? तंबाखू मळायला लागतो तेवढा.

आता मागे बघणाऱ्या माणसाविषयी. आरसे दोन असोत की चार, भरलेल्या पिकअपच्या पाठीमागे थेट दाराशी जे आहे ते कोणत्याही आरशात येत नाही. क्रेट केबिनच्या वर गेले की आतला आरसा शोभेपुरता. बाहेरचे फुगीर आरसे मोठी जागा दाखवतात खरे, पण त्यात वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. ट्रॅक्टरवर मान वळवून मागे बघता येते, पण कडब्याची ट्रॉली म्हणजे मागे भिंतच. म्हणून माणूस हवा, आणि तो कसा हवा हे आपल्या एस. टी. कडून शिकावे. एस. टी. मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरतो, मागच्या कोपऱ्याशी चालकाला आरशात दिसेल असा उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. शिट्टी चालू आहे तोवर गाडी येते, शिट्टी थांबली की गाडी थांबते. यातला मोठा शहाणपणा असा की, कंडक्टर अडखळून पडला, शिट्टी हातातून गेली, तरी गाडी थांबतेच.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटे चालते. चार जण चार बाजूंना. एक म्हणतो "येऊ द्या, येऊ द्या", दुसरा म्हणतो "बास", तिसरा हाताने भलतेच काहीतरी दाखवतो, आणि इंजिनाच्या आवाजात "बास" ऐकूच येत नाही. वर गाण्यांचा आवाज. तेव्हा नियम असा करा: सांगणारा एकच. बाकीच्यांनी गप्प राहायचे, तात्या असले तरी. हात वर उघडा म्हणजे थांब, एवढी एक खूण घरात सगळ्यांची ठरलेली असावी. सांगणारा चालकाच्या बाजूच्या आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की चालकाने विचार न करता ब्रेक दाबायचा. आणि सांगणाऱ्याने भिंत आणि ट्रॉली यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. "अजून हातभर आहे" असे सांगत सांगत माणसे त्या हातभर जागेत सापडली आहेत.

जागा निवडता येत असेल तर गाडी अशा बाजूने आणा की मागे येताना ती चालकाच्या, म्हणजे उजव्या अंगाला वळेल. त्याला स्वतःच्या खिडकीतून चाक आणि कोपरा दिसतो. डाव्या अंगाला वळवले की सगळे आंधळेपण. बोळाच्या दुसऱ्या टोकाने फिरून यावे लागले तरी चालेल.

भगिनींनो, पुढचे मुख्यतः तुमच्यासाठी आहे, कारण गाडी अंगणात येते तेव्हा तिथे कोण खेळते आहे ते घरधन्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असते. तीन वर्षांचे मूल उभे राहिले तर त्याचे डोके पिकअपच्या फाळक्याच्या वरच्या कडेपर्यंतही पोचत नाही. बसून मातीत खेळत असेल तर विचारूच नका. बाप आला, गाडी आली, म्हणून ते धावत येते. बाप निघाला म्हणूनही धावत येते. ते गाडीपुढे न येता मागे जाते, कारण त्याला मागच्या चाकाजवळची माती आवडते, नाहीतर मांजराचे पिल्लू तिथे शिरलेले असते.

हे फक्त आपल्या खेड्यातच घडते असे नाही. अमेरिकेत २००२ साली एका डॉक्टरने, तोही मुलांचाच डॉक्टर, संध्याकाळी घरासमोर आपली मोठी गाडी मागे घेतली. आरसे पाहिले, मान वळवून पाहिले. त्याचा दोन वर्षांचा मुलगा कॅमरन मागे होता. त्या उंच गाडीतून तो दिसणे शक्यच नव्हते. त्या बापाने आणि त्याच्यासारख्या इतर आईबापांनी वर्षानुवर्षे सरकारचा पिच्छा पुरवला. २००८ साली त्या मुलाच्या नावाने तिथे कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागे पाहणारा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडेही १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे काही आडवे आले तर सूचना देणारे यंत्र बसवणे भाग पडले. पण घरच्या जुन्या पिकअपला आणि ट्रॉलीला कोण बसवणार? आणि कायद्याचे म्हणाल, तर १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतच लिहिले होते की, कोणाला धोका होणार नाही याची खात्री करून घेतल्याखेरीज चालकाने गाडी मागे घेऊ नये. म्हणजे न दिसणे ही सबब होत नाही.

तेव्हा घरात एक शिरस्ता पाडा. गाडी सुरू व्हायच्या आधी पोरे मोजायची. शेजारची धरून. लहान असेल ते कडेवर, मोठी असतील ती ओट्यावर बसवायची, आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ओट्यावरून पाय खाली नाही. मोजून झाले की वहिनींनी किंवा आजींनी हात वर करून सांगायचे, तोवर धन्याने किल्ली फिरवायची नाही. पहिले चार दिवस तो कुरकुर करील. आणि धन्याने काय करायचे? गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, चाकांमागे वाकून बघायचे, आणि फेरी झाली की लगेच निघायचे. फेरी मारून आत चहाला गेले तर ती फेरी फुकट. कानाने कमी ऐकणारे म्हातारे, खुंट्याला बांधलेले करडू, वाळत घातलेले धान्य, सगळे त्या एका फेरीत दिसते.

पावसाळ्यात भीमाशंकरकडे जाणारांसाठी दोन शब्द. श्रावणात वर गर्दी असते, धुके असते, आणि गाडी लावायची जागा चुकली की वळणावर मागे घ्यायची पाळी येते. धुक्यात मागचे माणूस पाच पावलांवरही दिसत नाही. अशा वेळी गाडीतला एक जण खाली उतरलाच पाहिजे, बॅटरी घेऊन. पाऊस आहे म्हणून आत बसून "काही नाही मागं" असे सांगणारा पाहुणा सर्वांत धोकादायक. आणि पुढे चांगली जागा सापडेपर्यंत जाऊन वळून यायचा कंटाळा करू नका.

मागचा कॅमेरा किंवा रिव्हर्सचा भोंगा बसवून घ्यावा का, असे विचाराल तर पिकअपला जरूर बसवा. मात्र शेतातून आल्यावर कॅमेऱ्याची काच चिखलाने भरते. ती रोज पुसण्याचे काम पोराकडे द्या. भोंगा चांगला, पण मूल त्याला घाबरून बाजूला होईल या भरवशावर राहू नका. पुष्कळ पोरांना तो आवाज आवडतो आणि ती तो ऐकायला जवळ येतात. ट्रॉलीला कॅमेरा बसवला तर तारांची जोडणी हुकापाशी तुटत राहते. तिथे माणूसच बरा.

शेवटी, नारायणगावला किंवा मंचरला पहाटे माल घेऊन जाणारांनी एक करावे. संध्याकाळी उजेड असताना, घाई नसताना, गाडी मागे घेऊन आत लावावी, तोंड रस्त्याकडे करून. मग माल भरावा. पहाटे अंधारात, झोप डोळ्यांवर असताना, भरल्या गाडीने फक्त पुढे जायचे राहते. ट्रॉलीच्या मागे लाल दिवे आणि चकाकणाऱ्या पट्ट्या कशा व कोठे लावाव्यात, ते पुढच्या अंकी.